सातव्या कलमाखालची सही

हे लिहायचंच नाही, असं लायलने जवळजवळ ठरवलं होतं. तरी पोलीस ठाण्यात बसून त्याने जबाब लिहिला: गस्तीवरचा माझा जोडीदार डेन्टन याने पेट्रोल पंपावरच्या ओटिसचा गळा आवळला, मी बघत राहिलो, ओटिस मेला. मग त्याने पहिल्यांदाच ठाण्याची नियमावली उघडली. वॉशिंग्टनच्या सरकारकडून मिळणाऱ्या अनुदानासाठी ती गेल्या वर्षी बनवलेली. प्रत्येक पोलिसाची सही हवी होती. सातवं कलम: जोडीदार कुणाचा गळा आवळत असेल तर त्याला अडवा. खाली लायलची सही, अक्षर डेन्टनचं. सह्या झाल्या त्या दिवशी लायल मासे मारायला गेलेला. "वाचतोस काय, गाढवा?" मागून डेन्टन म्हणाला. "दोघांच्या सह्या मी ठोकल्या, मीसुद्धा वाचलं नव्हतं." मग कुजबुजला, "माझी पोरं लहान आहेत रे." खिडकीबाहेर अनुदानातून आलेली नवी पोलीस गाडी चमकत होती. लायलने जबाब फाडला. "मी गाडीतच होतो, काही पाहिलं नाही," तो म्हणाला. "कुणीही विचारलं तरी हेच सांगेन."