घासलेली टोकं

बॉनेटखालून पुन्हा फट्‌कन आवाज आला. गाडी थरथरली आणि बंद पडली.

"कार्बोरेटरमधून मारतेय," आत्माराम म्हणाले. "म्हणजे टायमिंगची भानगड. उगाच बॅटरीला शिव्या घातल्या."

ज्ञानदा वडिलांच्या शेजारी टॉर्च धरून उभी होती. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतल्या दोन वायरी तिनेच काल दुपारी, ते झोपलेले असताना, अदलाबदल करून बसवल्या होत्या. दोन नंबरची तीनच्या जागी, तीनची दोनच्या. बाकी कशालाही हात लावला नव्हता.

ओट्यावर तिची आई आशालता पैठणी नेसून बसली होती. "अहो, विरारला पोचेपर्यंत साखरपुडा उरकून बारशाची वेळ येईल. रिक्षा सांगू का?"

"दारात गाडी असताना रिक्षा? भावाकडे जातेयस ना, मग ऐटीत चल."

"ऐट गाडीची. मी आपली पिशवी धरून बसते."

ज्ञानदा हसली नाही. मागच्या रविवारी राजोडीच्या वळणावर ती ओरडली होती, म्हणून त्यांनी ब्रेक दाबला होता. घरी आल्यावर ते म्हणाले, कुत्रं आडवं आलं. तिथे कुत्रं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं नव्हतं, तर लेकीचं काय ऐकणार?

"टोपी काढतो. पॉइंटमधली फट बघ. चष्मा धुरकटलाय माझा."

"फट बरोबर आहे."

"रोटर?"

"स्वच्छ. तडा नाही."

तिची सगळी उत्तरं खरी होती.

"कंडेन्सर असेल, बाबा," ती म्हणाली. "आता तो कुठे मिळणार? राहू दे आजच्या दिवस."

"कंडेन्सर गेला तर चारही सिलिंडर कुरकुरतील. ही दोनावर ओढतेय. ऐक नीट."

त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं. चाव्या तिच्याकडे टाकल्या. "मार सेल्फ."

गाडी सुरू झाली, आचके देत. त्यांनी एक नंबरच्या प्लगची वायर ओढली. इंजिन तिथेच मेलं. वायर परत बसवून पुन्हा सेल्फ मारायला लावला आणि दोन नंबरची काढली. काही फरक नाही. तीन नंबरची काढली. फरक नाही. तिचं टोक त्यांनी लोखंडाजवळ धरलं. टक्‌ टक्‌ टक्‌, निळी ठिणगी उडत राहिली.

"बंद कर." ते ताठ झाले. "ठिणगी आहे. पण भलत्या वेळी पडतेय."

ज्ञानदा चावी काढून उतरली आणि टॉर्च घेऊन बॉनेटपाशी आली.

आत्मारामांनी डोळे मिटले. टोपीपासून एकेक वायर बोटांनी चाचपत ते प्लगपर्यंत जाऊ लागले. ती शाळेत असताना याच गाडीशी उभं करून त्यांनी तिच्याकडून ठिणगी पडायचा हा क्रम घोकून घेतला होता. आता ते स्वतःच पुटपुटत होते.

"एक... तीन... चार... दोन." बोटं टोपीकडे परतली, पुन्हा निघाली. "एक..."

एकच्या पुढची वायर तीनवर जायला हवी होती; बोटं दोन नंबरच्या प्लगवर जाऊन थांबली.

"झालं का हो?" ओट्यावरून आवाज आला.

त्यांनी टोपीतून दोन आणि तीन नंबरच्या वायरी उपसल्या. त्यांची पितळी टोकं अंगठ्याने घासून पाहिली, मग अगदी डोळ्यांशी नेली. चार नंबरची उपसली. तिचं टोक काळपट होतं. या दोघींची चकचकीत होती.

"मेकॅनिक असता तर तशाच घुसवून गेला असता," ते हळू म्हणाले. "पॉलिश पेपर मारून कोण बसवतं?"

घाण टोक कधी आत घालायचं नाही. हेही त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी तिन्ही वायरी आपापल्या जागी दाबल्या, तिच्या हातून चाव्या घेतल्या आणि स्वतः सीटवर बसले. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. ना आचका, ना धूर. ओट्यावर आशालता पिशवी घेऊन उठली.

आत्माराम स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. समोर केळीची बाग होती. तिच्यात ते काय बघत होते, ते ज्ञानदाला कळेना. ती दाराशी आली. दार धरून उभी राहिली.

"रविवारी, त्या वळणावर," ते म्हणाले, "कुत्रं नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग?"

"बाई होती, बाबा. कडेवर पोर."

"लाल साडी?"

"पिवळी."

इंजिन एका लयीत चालू होतं. त्यांनी थोडा वेळ ते ऐकलं आणि चावी फिरवून बंद केलं.

"आशा, रिक्षाला फोन कर."

"अहो, आत्ता तर किती छान चालू होती!"

"होती. हिचं काही खरं नाही आता."

आशालता कपाळावर हात मारून फोन आणायला आत गेली. आत्माराम उतरून बॉनेटपाशी आले. दोन वायरी उपसून त्यांनी लेकीच्या हातात दिल्या.

"बसव. मघाशी होत्या तशा."

ती वाकली. वायरींना दोन्ही हात हवे होते, म्हणून त्यांनी तिच्या हातातला टॉर्च घेतला आणि उजेड बरोबर टोपीवर धरला.

"आणि आता टोकं घासत बसू नकोस."