फावड्याच्या जागी

घळीच्या माथ्यावर, स्की बांधण्याआधी, बाप्तिस्तनं पाठपिशवीतून शॅम्पेनची बाटली काढली. “सोलेन, हिमलोटाखालून तू मला उकरून काढलंस त्याला आज वर्ष झालं.” सोलेननं त्याच्या पिशवीत डोकावून पाहिलं. “फावडं कुठाय?” “गाडीत ठेवलं. बाटली मावत नव्हती. आणि तू कुठली गाडली जातेस.” तिचं डोकं सणकलं. “गाडली गेले. आत्ताच. इथं.” तिनं स्कीची काठी बर्फात रोवली, घड्याळ पाहिलं. “मी या काठीखाली, मीटरभर खोल. पंधरा मिनिटं श्वास पुरेल. काढ मला.” त्यांचा दोस्त ल्यूक मदतीला स्वतःचं फावडं काढू लागला. “तूही माझ्याशेजारीच गाडला गेलायस, गप बस.” बाप्तिस्त हसला, मग तिच्याकडे बघून खाली बसला. बाटलीनं, नंतर हातांनी तो दगडासारखा बर्फ ओरबाडू लागला. हातमोजे फाटले, धाप लागली, खड्डा गुडघ्याएवढाच झाला. “थोडंच राहिलंय.” “थांब,” सोलेननं घड्याळावर बाही ओढली. “मेले मी.”