आबांचा लांडगा

लांडगा ओघळीतून वर आला आणि उत्कर्षाने श्वास रोखला. हातातला चहाचा पेला तिने न बघताच मातीत टेकवला. ऊन नुकतंच वर चढत होतं. वैराग गावाच्या पलीकडचं ते माळरान पावसाने चिरून काढलेलं, घळीच घळी, आणि वाळल्या गवताने पिवळं पडलेलं. लांडगा त्याच रंगाचा. हलला नसता तर दिसलाही नसता. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, पण रुबाब असा की सगळा माळ ह्याच्याच नावावर असावा!

ह्याच्यासाठी ती तिसऱ्यांदा आली होती. एकटीच, जुनी अल्टो घेऊन. मावसभावाच्या पडीक रानात तंबू ठोकायची आणि दोन दिवस बसून राहायची. काळवीट दिसले, चिंकारा दिसले, एकदा खोकडाची पिल्लं दिसली. लांडगा काही दिसला नाही. भावकीने नावं ठेवायची ती ठेवली. सोलापुरात दवाखान्यात एक्स-रे काढणारी शहाणीसुरती पोरगी, आणि रानात एकटी झोपते, हिचं डोकं फिरलंय! फिरलं होतंच. त्याशिवाय असली कामं होत नाहीत.

तिचे वडील हिंदुराव, सगळ्यांचे आबा, ह्याच माळावर मेंढरं राखून म्हातारे झाले. गुडघे गेले तशी मेंढरं विकावी लागली, आणि वर्षभरात अर्धांगवायूचा झटका आला. हळूहळू हात हलला, पाय टेकला, पण तोंडातून शब्द निघेना. "जीभ आता ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, "त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे." नेमकं तेच वाटत नव्हतं. आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. नातवंडं पुढ्यात बसवून झाली, आवडीची भजनं लावून झाली, देवऋषीसुद्धा झाला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग उत्कर्षाला एक सुचलं. आबा जन्मात सगळ्यात जास्त कुणाबद्दल बोलले? आईबद्दल नव्हे, लेकरांबद्दल तर मुळीच नव्हे. लांडग्याबद्दल! त्याने मेंढरू उचललं की आबांच्या जिभेला अशी धार यायची की आजूबाजूच्या बाया कानावर हात ठेवायच्या. निदान त्याला शिव्या द्यायला तरी ते तोंड उघडतील, एवढ्या एका आशेवर ती माळावर येत होती.

आता तो समोर उभा होता. तिने खिशातून फोन काढला आणि घरी व्हिडिओ कॉल लावला.

"घावला व्हय गं?" पलीकडून आई, बजाबाई, कुजबुजली.

"व्हय. फोन आबांच्या तोंडाम्होरं धर. बोलू नको."

उत्कर्षाने आपला फोन छातीपुढे उभा धरला, लांडग्याच्या रोखाने. फोनकडे मात्र तिला खाली बघवेना. नजर काढली आणि हा गेला तर? लांडगाही तिच्याकडेच बघत होता. पिवळे, शांत डोळे. त्यात भीती नव्हती, राग नव्हता. असं जनावर आबांनी आयुष्यभर अंगावर घेतलं, नुसत्या काठीच्या जोरावर! तिला लांडग्याचं कौतुक वाटलं आणि आबांचं त्याहून जास्त. फोनमधून मात्र हूं की चूं नाही. एवढं करूनही आबा गप्पच राहिले, तर पुढे करायला तिच्याकडे काही नव्हतं.

"मागंऽऽ!"

माळ दणाणला. उत्कर्षा गर्रकन वळली. तंबूच्या दोरीपाशी, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, दुसरा लांडगा उभा होता. मादी होती. नाकपुड्या हलत होत्या. मानेवरच्या केसांत ऊन शिरून ती सोन्यासारखी दिसत होती. एकाने समोर उभं राहून नजर बांधून ठेवायची आणि दुसऱ्याने मागून यायचं, ही ह्या जातीची जुनी रीत. मेंढपाळाच्या लेकीने तेवढंच विसरावं! मादीने तिला एकदा नीट पाहून घेतलं. मग तोंड फिरवलं आणि पळाबिळायच्या भानगडीत न पडता चालत निघाली. नरही हलला. दोघं पलीकडच्या उंचवट्यावर जाऊन थांबली आणि वळून बघू लागली.

तेव्हा कुठे उत्कर्षाने फोनकडे पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत तिचंच तोंड होतं. घाईत कॅमेरा फिरवायचाच राहिला होता. एवढा आटापिटा करून गाठलेला लांडगा आबांना दिसलाच नव्हता. त्यांना दिसली होती लेक, आणि लेकीच्या खांद्यामागे हळूहळू जवळ येणारी ती मादी.

"पोरी, ह्यास्नी वाचा फुटली गं!" बजाबाई हुंदके देत होती.

"आबा, हाकलली बगा तुमी," उत्कर्षा म्हणाली. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. "दोगं बी लांब गेली. टेकाडावर उभी हायत."

आबांचे ओठ हलले. जबडा वाकडातिकडा झाला, कपाळावरची शीर फुगली. ती वाट बघू लागली. आता येणार, ती ठेवणीतली शिवी येणार! आलीच पाहिजे. चाळीस वर्षांचं वैर होतं ते. आबांनी त्या जातीला हाळ्या घातल्या, दगड मारले, कुत्री सोडली. मेंढरं मागे असताना उभं राहून लांडग्याकडे नुसतं बघायला त्यांना कधी सवडच झाली नव्हती.

"फोन... फिरव," आबा म्हणाले. "मला बी... बगू दे की."