पायाखालची बटणं

"पडदा नको," राखी म्हणाली. "बघायला लागेल असं काहीच नको."

दुकानदार शेखरने हातातलं चकचकीत मशीन परत खोक्यात ठेवलं. त्या मशीनचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो पडदा, आणि गिऱ्हाइकाला नेमका तोच नको होता. मग त्याची नजर तिच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रफुल्लकडे, त्याच्या काळ्या चष्म्याकडे गेली आणि तो ओशाळला.

प्रफुल्लला जन्मापासून दिसत नव्हतं. गिटार मात्र अशी वाजवायचा की नाशिकरोडपासून येवल्यापर्यंत भीमगीतांच्या कार्यक्रमांत त्याच्या सोलोला शिट्ट्या पडत. गिटारचा आवाज कडव्यागणिक बदलावा लागतो. इथे साधा, तिथे करकरीत, पुढे घुमणारा. हे करणारी इफेक्टची पेटी टेबलावर असे आणि तिची इवलीशी बटणं राखी दाबत असे. लग्न झाल्यापासून प्रत्येक स्टेजवर ती त्याच्या मागे स्टूल टाकून बसत आली होती. आता तिला पायाने दाबायचा मिडी कंट्रोलर हवा होता. तो वायरने पेटीला जोडला, की पायाच्या एका दाबात आवाज बदलतो. प्रफुल्लला एकट्याला जमेल असा हवा, आणि खिशाला झेपेल असाही.

शेखरने एक जुना, दहा बटणांचा काढला. प्रफुल्लने चप्पल काढून पाय ठेवला तर अंगठ्याखाली दोन-दोन बटणं आली. चार बटणांचा त्याहून स्वस्त होता, पण पुढच्या आवाजांसाठी त्याचं बटण दाबून धरावं लागे आणि आपण कुठे आहोत ते फक्त दिव्यावरून कळे. शेवटी सहा बटणांचा मिळाला. सगळी एका ओळीत, ऐसपैस. एक बटण, एक आवाज.

"पण एवढी घाई कशाला?" प्रफुल्लने विचारलं. "तू असतेसच की."

"मी काय जन्मभर तुमच्या मागे स्टुलावर बसू?" राखी हसत म्हणाली.

प्रफुल्ल हसला नाही. त्याने पायाने चाचपून चप्पल घातली.

राखीच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन लगेच करा, लांबवू नका. हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रफुल्लला सांगावं तर तो सगळं टाकून तिच्या उशाशी बसला असता. वडील आजारी पडले तेव्हा त्याने असंच केलं होतं. गिटार भिंतीला टांगली आणि ऑर्केस्ट्रावाल्या जयरामने दुसरा गिटारिस्ट उभा केला. ती जागा परत मिळवताना दोघांच्या नाकी नऊ आले होते. आता जयंतीच्या कार्यक्रमांचा एप्रिल तोंडावर आला होता. जयरामने बजावलंही होतं, "वहिनी, तुम्ही नसाल त्या दिवशी प्रफुल्लही नाही, असंच धरतो मी."

म्हणून राखीने मनाशी ठरवून टाकलं. एकदा त्याने एकट्याने कार्यक्रम निभावला, की बहिणीकडे जाते म्हणून निघायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

अंगठ्याला ओळख पटावी म्हणून तिने दोन बटणांवर शर्टाच्या गुंड्या चिकटवल्या. पहिल्या संध्याकाळी त्याचं बरंच बरोबर आलं. राखी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत म्हणाली, "आता मी सुटले बाई!"

दुसऱ्या दिवशी मात्र पाय चुकायला लागला. साध्या आवाजाच्या जागी करकरीत, करकरीतच्या जागी भलताच. ती त्याचा पाय हातात धरून बटणांवर ठेवी, तो मान हलवी आणि पुन्हा चुके. कानाचा एवढा तिखट माणूस, पण पाय म्हणजे नुसता दगड. राखीला रडू येई. दवाखान्यातून फोन आला की ती गॅलरीत जाऊन दबक्या आवाजात बोले, आणि आत आली की प्रफुल्ल विचारी, "कोण होतं?"

"बहीण," ती सांगे.

स्वस्ताच्या नादात चुकीचंच मशीन गळ्यात पडलं असं वाटून ती ते परत दुकानात घेऊन गेली. शेखरने सगळी बटणं दाबून बघितली. "मशीन एकदम ओके आहे, वहिनी. सरावाने जमेल."

एप्रिल उजाडला. राखी स्टुलावरच होती. काखेतून कळ आली की दात आवळायची आणि कडव्याआधी बटण दाबायची. पुढच्या आठवड्यात जमेल, मग जाऊ, असं करत जयंतीचे कार्यक्रम संपले, लग्नसराई संपत आली. मग एका सकाळी बाजाराची पिशवी घ्यायला हात उचलेना, तेव्हा ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली.

नवे रिपोर्ट बघून बाईंनी ते मिटून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "आता ऑपरेशनचा उपयोग नाही. फार पसरलंय. तेव्हाच यायचं होतं हो तुम्ही."

रिक्षात राखीला रडूही आलं नाही. आपल्यामागे या माणसाचं कसं होईल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

जिन्यात पोचली तर वरून गिटार ऐकू आली. साध्या आवाजातलं धृपद, मग करकरीत सोलो, मग घुमणारा शेवट. प्रत्येक बदल अगदी जागच्या जागी. एकदाही चूक नाही. राखीने कठडा घट्ट धरला. जमलं! निदान एवढं तरी झालं, तिला वाटलं, आणि आता कुठे तिचे डोळे भरून आले.

सासूबाई, यशोदाबाई, दाराबाहेर मेथी निवडत बसल्या होत्या. सुनेला बघून त्या दचकल्या आणि ओठांवर बोट ठेवून त्यांनी तिला जवळ बसवलं.

"ऐकलंस व्हय? आता तुझ्यापासून काय लपवायचं? तू भायेर गेलीस की रोज असंच वाजवतो, पयल्या दिवसापासनं. तुझ्यासमोर मुद्दाम चुकतो येडा. मला म्हनतो, आई, मला एकट्याला यायला लागलं ना, की राखी मला सोडून जाईल."