दुसरी काच

प्रोफेसर कामेनोवांनी लिफाफा चिकटवला आणि ड्रायव्हर स्तोयानच्या हातात दिला. उद्या सकाळी सोफियात पोचला की मजकूर छापायला जाणार होता. ऐंशीव्या वर्षी त्यांना नुकताच जन्मलेला तारा सापडला होता.

डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेच्या स्वयंपाकघरात सगळे हलव्याभोवती जमले होते. कामेनोव सांगत होते, "वायूचा ढग आपल्याच वजनाने आक्रसत जातो आणि पोटात आग पेटते. झाला तारा. आग विझली की त्याच वजनाखाली कोसळतो. कुणाला ढकलावं लागत नाही."

झ्लातका दारात उभी होती. तळघरात आभाळाचे फोटो उमटलेल्या काचा सांभाळता सांभाळता तिची तीस वर्षं गेली. त्याआधी ती दुर्बिणीवर बसायची. स्फोट होऊन मरणारा एक तारा तिने टिपलाही होता. पण आभाळ भरून आलं आणि खात्रीसाठी त्याच रात्री काढायची जोडीची दुसरी काच राहिली. "एक काच म्हणजे धूळ, दोन काचा म्हणजे तारा," असं भर सभेत म्हणून कामेनोवांनी तिला तळघरात धाडलं. आठवड्याने परदेशातल्यांनी तोच तारा जाहीर केला. झ्लातकाचं नाव मात्र 'धूळबाई' पडलं ते पडलंच.

काचेवर सगळं उलटं उमटतं. आकाश पांढरं, तारे काळे. कामेनोवांच्या काचेवर ढगाच्या मधोमध एक काळा ठिपका होता. त्याच रात्रीची दुसरी काच झ्लातकाने काल उजेडावर धरून पाहिली होती. तिच्यावर ठिपका नव्हता.

आज सकाळी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी क्षमेची कथा गाऊन सांगितली, तेव्हा ती शेवटपर्यंत ऐकत उभी होती. म्हणून तिने विचारलं तरी.

"प्रोफेसर, जोडीची काच वर आणू का?"

"तुझ्या धुळीसकट?" कामेनोव म्हणाले. सगळे हसले. "राहू दे गं. माझे डोळे शाबूत आहेत अजून."

तारा छापून आला की जगभरातले लोक जोडीची काच बघायला मागणार. ती काढून देणं झ्लातकाचंच काम.

उपवास लागण्याआधीचा हा रविवार. आज धाकट्याने थोरल्याची माफी मागायची असते, आणि कशाबद्दल ते थोरल्याने विचारायचं नसतं. झ्लातकाने अक्रोडाच्या हलव्याची बशी कामेनोवांपुढे धरली, वाकून त्यांच्या हाताला ओठ लावले.

"मला माफ करा, प्रोफेसर."

"केलं. देवही करो," ते म्हणाले आणि त्यांनी हलव्याचा मोठा तुकडा उचलला.

झ्लातका खिडकीशी गेली. खाली स्तोयानने पेट्रोल वाचवायला नेहमीसारखं इंजिन बंदच ठेवलं आणि नुसता ब्रेक सोडला. गाडी क्षणभर जागीच थांबली. मग आपसूक उताराला लागली.