पुतूलिकचे कुत्रे

पडद्यावरचा पुतूलिक बंदुकीसमोर छाती काढून उभा राहिला, आणि शाळेच्या हॉलमध्ये जमलेलं अख्खं गाव गहिवरलं.

खुर्चीतला खरा पुतूलिकही गहिवरला. शेजारी बसलेल्या सिलिपानं, त्याच्या धाकट्या बहिणीनं, तिरक्या नजरेनं पाहिलं. ऐंशी ओलांडलेला म्हातारा बाहीनं नाक पुसत होता. स्वतःच्याच शौर्यानं डोळे भरून आलेला माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती.

सिनेमा त्याच्या नातीनं, आलुकीनं, काढला होता. एकेक चित्र हातानं रंगवून. घसरगाडी ओढणारे कुत्रे पंख्यासारखे पसरून बर्फावर धावत होते. म्होरक्या काजुक तर फाटक्या कानासकट हुबेहूब उतरला होता. मग दक्षिणेकडचा पोलीस सरकारी हुकमानं कुत्रे मारायला आला, आणि पुतूलिक आडवा आला. “आधी मला मारा,” म्हणाला.

सिलिपाला हसू आलं.

खरं तर त्या दिवशी कुत्रे पोलिसाच्या हाती लागत नव्हते, खाडीच्या बर्फावर लांब पळाले होते. बोलावून दिलेस तर दुकानात नोकरी लावून देतो, असं पोलीस म्हणाला. तेव्हा याच पुतूलिकनं एकेकाला नावानं हाक मारून किनाऱ्यावर आणलं. सगळ्यांत आधी काजुक आला, शेपटी हलवत.

भ्याला असता तर तिनं समजून घेतलं असतं. तेव्हा पोलिसाला कोण भीत नव्हतं? पण भ्यालेल्यानं पुढं तोंड तरी मिटून ठेवावं. यानं नातीला भलतीच गोष्ट सांगितली.

दिवे लागले. आलुकीनं पुढून विचारलं, “सिलिपाआजी, तू तर तिथं होतीस. जमलंय का गं?”

सगळ्या माना वळल्या. पुतूलिकनं बहिणीची बाही घट्ट धरली. “पोरीनं फार मेहनत घेतलीय,” तो पुटपुटला.

सिलिपानं बाही सोडवून घेतली.

“कुत्रे ओळखू आले, पोरी,” ती म्हणाली. “माणसं नाही आली.”

हॉल हसला. आलुकीही हसली, चेहरे काढायला आपल्याला कधी जमलंच नाही, असं तिनं कबूल करून टाकलं.

मग चहा आला. लोक एकेक करून पुतूलिकचा हात हातात घेऊन गेले. गर्दी सरल्यावर त्यानं बहिणीपुढेही हात केला.

सिलिपानं त्यात आपला रिकामा कप दिला.