तळ्यासाठी तेल

पुदिन्याचं तेल काढण्यात बाबांचा हातखंडा होता. तळ्यातले डास मारायला नगरपालिकेनं तेच निवडलं. फक्त प्रयोगशाळेचा अहवाल बाकी होता. तपासणी लेकीकडेच आली. तिनं पेल्यातल्या पाण्यात खसखशीएवढे वीस पाणकिडे सोडून तेलाचा थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी बाबांना आणि काकांना बोलावून पेला दाखवला. सगळे तळाशी निपचित पडले होते. “हेच माशांचं खाद्य, बाबा. मला तसंच लिहावं लागेल.” “घरचंच तेल आहे गं,” काका म्हणाले, “जरा सांभाळून लिही.” “तळं सांभाळूनच लिहितेय, काका.” बाबा पेल्यात बघत राहिले. चाळीस वर्षांत त्यांच्या तेलाला कुणी नावं ठेवली नव्हती. मग त्यांनी नगरपालिकेत फोन लावला. “आमचं तेल तळ्यात नको.” “कोण म्हणतं?” साहेबांनी विचारलं. “तपासणाऱ्या बाई,” बाबा म्हणाले. पण त्यांना राहवेना. “माझी मुलगी आहे ती.”